ओलीच्या मागे धावणारे मूळ
वाळवंटात रोप कसे जगते?

राजस्थानच्या पश्चिमेला थरचे वाळवंट पसरलेले आहे. जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जोधपूरला साडेतीनशेच्या पुढेमागे. जोधपूरच्या उत्तरेला असलेल्या फलोदी या गावी १९ मे २०१६ रोजी तापमान ५१ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. अशा मुलखातही शेताशेतांतून खेजडीची झाडे उभी असतात. त्यांना कोणी पाणी घालत नाही. ऐन उन्हाळ्यात, आसपासचे गवत वाळून गेलेले असताना, खेजडीला हिरवी पालवी फुटलेली असते. ही खेजडी आपल्याला परकी नाही. दसऱ्याला जिची पूजा होते ती शमी हीच.

आता याच मुलखात एखाद्या शाळेच्या आवारात पावसाळ्यात शंभर रोपे लावली, तर पुढच्या जूनपर्यंत त्यांतली किती उरतील? कित्येकदा बोटांवर मोजण्याइतकीच. तेच ऊन, तीच वाळू, तोच पाऊस, आणि तरीही मोठे झाड पाण्यावाचून जगते व लहान रोप पाणी घालूनही मरते. असे का व्हावे?

‘रोप कोवळे असते म्हणून’ हे उत्तर पुरेसे नाही. खरा फरक जमिनीखाली असतो. मोठ्या झाडाची मुळे जिथे पोचलेली असतात तिथवर रोपाची मुळे अजून गेलेली नसतात. वाळवंटात रोप जगवणे म्हणजे त्याचे मूळ पहिल्या उन्हाळ्यापूर्वी खोल ओलीपर्यंत पोचवणे. खड्डा, आळे, आच्छादन, खुरपणी, पाण्याची पाळी ही सारी या एका कामाची साधने आहेत. हे कसे, ते आपण क्रमाने पाहू.

पाण्याचा ताळेबंद

१ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी. हे समीकरण विद्यार्थ्यांकडून एकदा पक्के करून घेतले की पुष्कळ गोष्टी सोप्या होतात. २०० मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला वर्षभरात २०० लिटर पाणी. उलट, थरमधली कोरडी हवा, ऊन आणि वारा मिळून त्याच चौरस मीटरवरून वर्षाला दीड ते दोन हजार लिटर पाणी ओढून घेऊ शकतात. म्हणजे जमेच्या सात ते दहा पट खर्चाची तयारी!

हा पाऊसही वर्षभर विखुरलेला नसतो. मोसमी पाऊस या भागात साधारण जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पोचतो आणि सप्टेंबरच्या मध्यापासून परतू लागतो. दहाएक आठवड्यांच्या या मुदतीतही प्रत्यक्ष पावसाचे दिवस थोडेच. जे साठवायचे ते याच काळात, आणि साठवण्याचे कोठार एकच, ते म्हणजे जमीन.

वाळू ही शत्रू नव्हे

वाळूत पाणी टिकत नाही, म्हणून तिथे झाड जगत नाही, असे आपण सहज म्हणतो. पाऊसमान चांगले असेल तिथे ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण वाळवंटात हा हिशेब उलटा होतो.

वाळूचे कण जाड आणि त्यांमधल्या पोकळ्या मोठ्या. त्यामुळे वाळू आपल्या घनफळाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकेच पाणी धरून ठेवते आणि उरलेले खाली सोडते. चिकण मातीचे कण बारीक असल्याने ती घनफळाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी धरू शकते. समजा, दोन्ही ठिकाणी १०० मिलिमीटर पाणी मुरले. चिकण मातीत ते वरच्या फूटभर थरातच अडकेल. वाळूत मात्र ते सुमारे १ मीटर खोलवर उतरेल.

पाऊस संपल्यावर ऊन वरून जमीन सुकवू लागते. चिकण मातीतले सगळे पाणी उन्हाच्या तावडीत असते. माती सुकली की भेगाळते आणि त्या भेगांमधून खालचाही ओलावा उडून जातो. वाळूत मात्र वरचा थर चटकन सुकतो आणि मग तो कोरडा थरच झाकणासारखे काम करू लागतो. दोन कणांमधले पाण्याचे पातळ पापुद्रे केशाकर्षणाने एकमेकांना जोडलेले असतात तोवर खालचे पाणी वर चढत राहते, जसे दिव्याच्या वातीतून तेल चढते. वरची वाळू कोरडी झाली की ही साखळी तुटते. त्यानंतर खालचे पाणी केवळ वाफेच्या रूपात, अगदी संथपणे बाहेर पडू शकते. म्हणूनच वाळूच्या टेकडीत भर हिवाळ्यातही हाताने थोडे उकरले की खाली गार, ओलसर वाळू लागते.

थोडक्यात, वरचा थर कोरडा आणि खाली ओल अशी वाळवंटातल्या जमिनीची रचना असते. पावसाळा सरल्यावर कोरड्या आणि ओल्या थरांमधली सीमा हळूहळू खाली सरकत जाते. रोपाचे मूळ त्या सीमेच्या पुढे राहिले तर रोप जगते. मागे पडले, तर वरून कितीही हिरवे दिसत असले तरी ते उन्हाळा पाहत नाही.

खेजडीचे बी रुजले की ही शर्यत जिंकण्याच्याच बेताने वाढते. जमिनीवर चार-सहा पानेच दिसत असतात, पण खाली सोटमूळ त्याच्या काही पट लांब गेलेले असते. पूर्ण वाढलेल्या खेजडीची मुळे ३० मीटरपर्यंत खोल गेल्याच्या नोंदी आहेत.

रोप निवडताना

रोपवाटिकेत गेल्यावर आपला हात सहज उंच, भरगच्च पानांच्या रोपाकडे जातो. वाळवंटासाठी ही निवड चुकीची ठरते. प्रत्येक पान म्हणजे पाणी खर्च करणारे एक तोंड, कारण पर्णरंध्रांतून बाष्पोत्सर्जन अखंड चालते. पिशवीतली मुळे मात्र मूठभर मातीत कोंडलेली असतात. खर्च मोठा आणि मिळकत लहान असलेल्या घराची जी गत, तीच या रोपाची. बुटके, जाड बुंध्याचे आणि मोजक्या पानांचे रोप अधिक भरवशाचे.

दुसरी गोष्ट मुळांच्या वेटोळ्यांची. प्लॅस्टिकच्या पिशवीत रोप जास्त दिवस राहिले की सोटमूळ तळाशी जाऊन गोल फिरू लागते. तसेच लावले तर ते जमिनीतही बराच काळ गोलच फिरते आणि खाली जायचे विसरते. म्हणून लावताना पिशवी पूर्ण काढावी आणि तळाची गुंडाळलेली मुळे धारदार चाकूने कापून टाकावीत. कापलेल्या जागेजवळून नवी मुळे फुटतात आणि ती सरळ खाली धावतात.

तिसरे, लावणीपूर्वी काही आठवडे रोपाचे पाणी हळूहळू कमी करून त्याला सावलीतून उन्हात आणावे. सावलीत लाडावलेले रोप एकदम उघड्यावर गेले की करपते.

आणखी एक मार्ग आहे. खड्ड्यात थेट बी पेरावे. शमीच्या बियांचे कवच कठीण असते. गरम पाण्यात टाकून ते पाणी निवू दिले आणि बी त्यातच रात्रभर भिजू दिले, तर ते लवकर रुजते. बियांपासून जागेवरच वाढलेल्या रोपाचे मूळ कधी वाकलेलेच नसते.

खड्डा, आळे आणि उतार

खड्डा पावसाळ्यापूर्वी खणून ठेवावा. दीड-दोन फूट लांब, रुंद आणि तितकाच खोल खड्डा पुरतो. पश्चिम राजस्थानात पुष्कळ ठिकाणी वाळूखाली चुनखडीचा कठीण थर असतो. तो लागला तर पहारीने फोडलाच पाहिजे, नाहीतर मूळ तिथेच अडते. लावणी पहिला दमदार पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्यावर, शक्यतो जुलैमध्येच करावी. महिनाभराचा उशीर म्हणजे मुळाच्या शर्यतीतला जवळजवळ निम्मा वेळ गेला.

रोपाभोवतीची जमीन रोपाकडे उतरती केली तर आसपासचे पाणीही त्याला मिळते. दीड मीटर त्रिज्येचे वर्तुळ घेतले तर क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर होते. त्यावर १० मिलिमीटरची एक सर पडली की ७० लिटर पाणी पडले. उतार दाबून घट्ट केला असेल आणि त्यातले एक तृतीयांश जरी वाहत रोपापाशी आले, तरी एका सरीत २३ लिटर पाणी फुकट मिळाले. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे ‘काझरी’ने, बोरांच्या बागांसाठी अशा छोट्या पाणलोटांचा अभ्यास केला आहे. या संस्थेचा आरंभच १९५२ मध्ये मरुभूमीतल्या वनीकरणाचे संशोधन केंद्र म्हणून झाला. १९५९ मध्ये तिला आजचे स्वरूप मिळाले.

टेकडीची वाळू सुटी आणि हलती असेल तर आधी तिला थोपवावे लागते. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू रोपाला सोलून काढते किंवा गाडून टाकते. यासाठी काझरीने रूढ केलेली पद्धत साधी आहे. खींप, सिणिया, फोग अशी स्थानिक झुडपे वाऱ्याला आडव्या ओळींत किंवा बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटींत रोवायची. वारा मंदावला की वाळू जागीच बसते. मग त्या चौकटींच्या आडोशाला रोपे आणि सेवण गवत लावायचे.

रोज थोडे की क्वचित भरपूर?

इथे एक उदाहरण विद्यार्थ्यांना सोडवायला द्यावे. आळ्याचा व्यास ६० सेंटिमीटर आहे. म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर. एका शाळेत रोपाला रोज १ लिटर पाणी घालतात. दुसऱ्या शाळेत वीस दिवसांतून एकदा २० लिटर घालतात. पाणी दोघांचे सारखेच. रोप कोणाचे जगेल?

१ लिटर पाणी या आळ्यात साडेतीन मिलिमीटरचा थर देते. वाळूत ते तीन-चार सेंटिमीटर उतरेल. मे-जूनमध्ये या भागात उघड्या भांड्यातले पाणी दिवसाला १० मिलिमीटरहून अधिक आटते. म्हणजे सकाळी घातलेले पाणी संध्याकाळपर्यंत उडून जाते. शिवाय वरच्या वर ओल मिळत राहिल्याने मुळेही वरच रेंगाळतात आणि सुट्टीत आठ दिवस पाणी चुकले की रोप संपते. २० लिटर पाणी मात्र ७० मिलिमीटरचा थर देते. बाजूला पसरणारे पाणी सोडून दिले तर ते वाळूत ७० सेंटिमीटर खोल जाते. वरचा थर सुकतो, पण खालची ओल टिकते, आणि मूळ तिच्या मागे खाली जाते.

रोज प्रेमाने घातलेला तांब्याभर पाण्याचा नेम रोपाला दुबळे करतो, हे मुलांना आणि आपल्यालाही थोडे कटू वाटते, पण ते समजून घेतले पाहिजे. यात आणखी एक धोका आहे. पश्चिम राजस्थानात पुष्कळ विहिरींचे पाणी खारे आहे. असे पाणी थोडे थोडे घातले तर पाणी उडते आणि मीठ मुळांपाशी साचते. म्हणून तिथे टांक्यात, म्हणजे जमिनीखालच्या हौदात साठवलेले पावसाचे पाणी रोपांसाठी मोलाचे ठरते.

पाणी खोल आणि संथ देण्याची एक जुनी युक्ती म्हणजे मडके. झिलई नसलेले कच्च्या घडणीचे मडके रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि तोंड झाकायचे. मडक्याच्या सच्छिद्र भिंतीतून पाणी झिरपते. बाहेरची माती जितकी कोरडी तितके ते अधिक ओढले जाते, आणि माती ओली झाली की झिरपणे आपोआप मंदावते. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथातही ही रीत सांगितलेली आहे.

आच्छादन आणि खुरपणी

आळ्यात वाळलेला पाला, बाजरीची सरमाडे किंवा दगडगोटे पसरले की ऊन थेट जमिनीला लागत नाही. वाळूचा पृष्ठभाग उन्हाळ्यात ६० अंशांच्याही वर तापू शकतो. त्या तापाने रोपाचा कोवळा बुंधा जमिनीलगत भाजतो. आच्छादनाने तेही टळते. पाला बुंध्याला अगदी चिकटवू नये आणि वाळवीवर लक्ष ठेवावे.

तणाचे महत्त्व आपण फारच कमी लेखतो. उघडी वाळू वरवरचेच पाणी गमावते, कारण कोरडा थर पुढचे रक्षण करतो. तण मात्र मुळांनी खालचे पाणी उपसून पानांवाटे हवेत सोडते. म्हणजे ज्या कोठाराला कुलूप लागले होते तेच ते फोडते. खुरपणीने दोन कामे होतात. तण जाते, आणि वरची माती मोकळी होऊन केशाकर्षणाची साखळी तुटते.

हे तत्त्व किती दूरवर नेता येते ते सीकर जिल्ह्यातल्या दांता गावचे शेतकरी सुंडाराम वर्मा यांनी दाखवले. सीकरचा मुलूख जैसलमेरइतका कोरडा नाही, पण अर्धशुष्क आहे. पहिल्या पावसानंतर एक नांगरट आणि पावसाळा सरत असताना दुसरी खोल नांगरट करून ते पावसाचे पाणी जमिनीत कोंडून घेतात. मग फूटभर खोल खड्ड्यात, मुळे ओलसर थरात राहतील अशा बेताने रोप लावतात आणि लावताना फक्त १ लिटर पाणी देतात. पुढे पाणी नाही, पण खुरपणी मात्र चुकवायची नाही. या कामासाठी त्यांना २०२० मध्ये पद्मश्री देण्यात आली. हे ‘एका लिटरात झाड’ कसे, याचे उत्तर त्या लिटरात नाही. ते दोन नांगरटींनी वाचवलेल्या पावसात आहे.

काय लावू नये, कुठे लावू नये

जे जगते ते सगळेच लावावे असे नाही. विलायती बाभूळ, जिला आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात, ती मूळची अमेरिका खंडातली. १८७७ मध्ये ती सिंधमध्ये आणली गेली. कोणत्याही जमिनीत तग धरणारी म्हणून तिचा प्रसार झाला. आज तीच गवताळ रानांत घुसून स्थानिक झाडाझुडपांची जागा बळकावते आहे. खेजडी, रोहिडा (रक्तरोहिडा), बोर, पिलू, केर (नेपती) ही याच मातीतली झाडे सावकाश वाढतात, पण कोणाला हुसकावत नाहीत.

जागेचाही विचार हवा. वाळवंट म्हणजे ओसाड जागा नव्हे. सेवण गवताची मोकळी कुरणे हे माळढोक पक्ष्याचे घर आहे. तो आता फारच थोडा उरला आहे. त्याला दूरवर दिसणारी मोकळी जमीन लागते. अशा कुरणात झाडांची दाटी करणे म्हणजे एक जीव वाचवायला जाऊन दुसऱ्याला बेघर करणे होय. शाळेचे आवार, गावाची वस्ती, शेताचे बांध, पाणवठ्याचा काठ या झाडांच्या योग्य जागा.

शेवटचा शत्रू म्हणजे शेळी आणि उंट. काट्यांची कुपाटी नसेल तर वरची सगळी मेहनत एका दुपारी संपते. थरमधले शेतकरी खेजडी फारशी लावत नाहीत. शेतात आपोआप उगवलेले रोप नांगरताना वाचवतात आणि वाढू देतात. राखणे हेही लावण्याइतकेच मोठे काम आहे, हे तिथल्या बिश्नोई समाजाने फार पूर्वी ओळखले. हिरवे झाड तोडू नये हा त्यांचा नियम आहे. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी झाडे तोडायला आलेल्या राजाच्या माणसांना अडवताना अमृतादेवींसह ३६३ जणांनी प्राण दिले.

वर्गात करून पाहा

सारख्या आकाराचे तीन डबे घ्या. तिन्हींत सारखी ओली वाळू भरा. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्यावर वाळलेल्या पाल्याचा तीन-चार बोटे थर द्या. तिसऱ्यात बाजरीचे दहा-पंधरा दाणे रुजवा. तिन्ही डबे उन्हात ठेवून रोज एकाच वेळी वजन करा आणि तीन-चार आठवडे आलेख काढा. पहिल्या डब्याची रेषा आधी वेगाने उतरते आणि मग मंदावते. ती कुठे वळते आणि का, हे मुलांना विचारा. तिसऱ्या डब्यात रोपे वाढल्यावर काय होते तेही पाहा.

दुसरा प्रयोग मुळांचा. पारदर्शक प्लॅस्टिकच्या दोन उंच बाटल्यांच्या तळाला भोके पाडा, त्यांत वाळूमिश्रित माती भरा आणि कडेला वालाचे बी पेरा. एकीला आठवड्यातून एकदा तळापर्यंत पाणी द्या, दुसरीला रोज चमचाभर. बाटल्यांभोवती काळा कागद गुंडाळा आणि दर दोन दिवसांनी तो काढून मुळांची लांबी मोजा.

आपल्या माणदेशात किंवा सोलापूरच्या बाजूला वाळवंट नाही. तिथे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि जमीन वाळूची नसून मुरमाड किंवा काळी आहे. काळ्या जमिनीत भेगा बुजवत राहणे आणि आच्छादन करणे यांना अधिक महत्त्व येते, मुरमाड जमिनीत खड्डा खोल घेण्याला. पण हिशेब तोच. पावसाळ्यात मुरलेली ओल जूनपर्यंत पुरली पाहिजे आणि मूळ तिच्यापर्यंत पोचले पाहिजे.

१९५० पासून आपल्या देशात दर जुलैत वनमहोत्सव साजरा होतो. त्या दिवशी लावलेल्या रोपांचा आकडा शाळेच्या फळ्यावर लिहिला जातो. आम्ही असे सुचवू की तो आकडा नोंदवहीत लिहून ठेवावा, आणि फळ्यावर लिहायचा आकडा दुसऱ्या उन्हाळ्यानंतर, दोन वर्षांनंतरचा जून सरताना, मुलांकडूनच मोजून घ्यावा. दोन उन्हाळे काढलेल्या रोपाचे मूळ ओलीला लागलेले असते. शंभर रोपे लावून पाच जगवण्यापेक्षा वीस लावून पंधरा जगवणाऱ्या शाळेची सावली मोठी असेल.